पोलीस कोठडीतील मारहाण : सुधारणेची सुरुवात नेमकी कोठून करावी?

अभ्यासवर्तुळ_नांदेड यांचा प्रश्न :

आमच्या अभ्यासवर्तुळाच्या पुढील बैठकीसाठी पोलीस सुधारणांवरील टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले, प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून पोलिसांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या तक्रार प्राधिकरणांची तरतूद केली. एवढे होऊनही डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला, शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले गेले आणि गुन्हा नोंदवण्यासाठी जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. त्या आदेशाविरुद्धही राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे त्याची याचिका फेटाळली गेली. माझा प्रश्न असा, की या सर्व सुधारणांपैकी मारहाण होते त्या खोलीपर्यंत प्रत्यक्षात पोहोचणारी कोणती आहे?

फौजदारी_वकील यांचे उत्तर :

आपण दिलेल्या यादीत जे नाही, तेथूनच मी सुरुवात करीन, आणि ते म्हणजे पुराव्याचा कायदा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही, हे १८७२ च्या कायद्यात होते आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही ते कायम आहे. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यात हे कलम २७ होते आणि आमच्या बाररूममध्ये आजही त्याला 'सत्तावीस'च म्हणतात. घरफोडीच्या गुन्ह्यात बोटांचे ठसे घेतलेले नसतात, साक्षीदार नसतो, तेव्हा तपासी अंमलदाराची सगळी भिस्त निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीने दिलेल्या माहितीच्या पंचांसमक्ष केलेल्या नोंदीवर, आणि त्यानंतर हस्तगत होणाऱ्या मुद्देमालावर असते. रिमांड अर्जात 'मुद्देमाल हस्तगत करावयाचा आहे, साथीदारांचा शोध घ्यावयाचा आहे' ही वाक्ये ठरलेली असतात, आणि आरोपीच्या तोंडून मुद्देमालाची जागा कशी काढायची याबद्दल कायदा मौन बाळगतो.

आता न्यायालयातील दृश्य पाहा. दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आरोपीच्या दोन्ही बाजूंना त्याच ठाण्याचे शिपाई उभे असतात आणि रात्री त्याला त्यांच्याच ताब्यात जायचे असते. तो "नाही" म्हणतो, रोजनाम्यात तशी नोंद होते, आणि पुढे खटल्यात मारहाणीचा मुद्दा काढला की सरकारी वकील हीच नोंद दाखवतात. त्यात नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मुळे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी आता सलग घेण्याची गरज उरलेली नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत ती तुकड्यातुकड्याने मागता येते. त्यामुळे एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली म्हणजे आरोपी पोलिसांच्या हातून सुटला, असे आता म्हणता येत नाही.

निवृत्त_उपनिरीक्षक यांचे उत्तर :

वकील साहेबांनी सांगितलेले खरे आहे, परंतु अर्धे आहे. गुन्हे शोध पथकातील अंमलदाराला मासिक क्राइम मीटिंगमध्ये गुन्हे उघडकीस आल्याची टक्केवारी विचारली जाते, ठसे का घेतले नाहीत हे क्वचितच विचारले जाते. तोच अंमलदार सकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्तावर, दुपारी समन्स बजावण्यावर आणि रात्री तपासावर असतो. प्रकाश सिंह निकालातील तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करण्याचा निर्देश म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी चर्चा नेहमी महासंचालकांच्या दोन वर्षांच्या कार्यकाळाभोवतीच फिरते. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यातून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तो चांगलाच होता, परंतु थकवा कमी झाला म्हणजे हात थांबतो असे मी म्हणणार नाही. थकलेला शिपाई व्यापाऱ्याच्या मुलाला खुर्ची देतो आणि पारध्याच्या मुलासाठी 'बाजीराव' (मारण्याचा पट्टा) काढतो, तेव्हा कारण थकवा नसते.

आणखी एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. चोरी झालेला फिर्यादी स्वतःच येऊन विचारतो, "साहेब, त्याला चांगला घेतला ना?" अशा लोकांना सुधारणा हवी आहे, हे मला पटत नाही.

पालावरचा_कार्यकर्ता यांचे उत्तर :

उपनिरीक्षक साहेबांनी पारध्यांचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी परिसरात दरोडा पडला की पहिली गाडी आजही पालावरच येते. तेथे अटक होत नाही, 'विचारपूस' होते. माणूस पहाटे उचलला जातो आणि अटक दुसऱ्या दिवशी संध्याकाळची दाखवली जाते. बसू निकालातील अटक पंचनामा, नातेवाइकांना सूचना, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांची मर्यादा हे सगळे कागदावर अटकेपासून मोजले जाते, आणि मार त्याआधीच्या, कोठेही नोंद नसलेल्या वेळेत बसतो. त्यामुळे माझे उत्तर स्पष्ट आहे : माणूस ठाण्याच्या दारातून आत आला तो क्षण नोंदला गेला पाहिजे.

यासाठीच परमवीरसिंह सैनी खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश मोलाचा आहे. प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी आणि मार्गिका यांचे ध्वनीसह चित्रीकरण करावे आणि ते अठरा महिने जपावे, असे न्यायालयाने सांगितले. अडचण अशी, की कॅमेऱ्याच्या देखभालीची जबाबदारी त्याच ठाण्याच्या प्रमुखाकडे असते आणि चित्रीकरण मागितले की यंत्र बिघडलेले निघते. आम्ही आता उचलल्याचा निरोप मिळताच ठाण्याचे नाव आणि वेळ लिहून पोलीस अधीक्षकांना ईमेल करतो आणि चित्रीकरण जतन करण्याचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे देतो. मारहाण त्याने थांबतेच असे नाही, परंतु ठाण्यातून फोन मात्र लवकर येतो.

अभ्यासवर्तुळ_नांदेड :

सर्वांचे आभार. तक्रार प्राधिकरणाबद्दल कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटते. ते निरुपयोगी आहे काय?

फौजदारी_वकील :

निरुपयोगी म्हणणार नाही, पण त्याच्यावर विसंबूनही राहणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा अशा दोन पातळ्यांवर प्राधिकरण सांगितले होते; आपल्या कायद्यात जिल्ह्याऐवजी महसुली विभाग आला. गडचिरोलीच्या माणसाने तक्रारीसाठी नागपूर गाठावे, अशी ही रचना आहे. शिवाय प्राधिकरण चौकशी करून अहवाल देते, शिक्षा करीत नाही.

कोठडीतील मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार सक्तीची आहे, परंतु तिच्या अहवालातून आपोआप गुन्हा नोंदला जात नाही. परभणीत दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांना जबाबदार धरल्यानंतरही मृताच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. कोठडीत दुखापत झाली तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाने गृहीत धरू शकावे, अशी शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये ११३ व्या अहवालात केली होती. नवा साक्ष्य अधिनियम लिहिताना ती घेण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही. आपल्या टिपणात एकच मागणी मांडायची असेल, तर मी हीच मांडीन.