अतिदक्षता विभागातून घरी आल्यावरही पाय बधिर

प्रश्न (नौपाडा, ठाणे): सेप्सिसमुळे (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादामुळे) माझे वडील २४ दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यांतील बरेचसे व्हेंटिलेटरवर. आठ महिन्यांनंतरही त्यांचे तळपाय बधिर आहेत, रात्री आग होते आणि उजवे पाऊल उचलत नसल्यामुळे तलावपाळीची (ठाण्यातल्या तलावाकाठची) एक फेरीही झेपत नाही. हे भरून येते का?

उत्तर (वाशी): या विकाराला क्रिटिकल इलनेस पॉलिन्यूरोपथी (गंभीर आजारात अनेक मज्जातंतूंना होणारी इजा) म्हणतात, कॅनडातील चार्ल्स बोल्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचे वर्णन केले. तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे गुडघ्यापासून पावलापर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, आणि काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायमचा राहतो. मलाही तो आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांइतकीच त्याचीही सवय होते.

उत्तर (नेरूळ): एकच पाऊल लोंबत असेल तर केवळ पॉलिन्यूरोपथीवर बोट ठेवू नये, कारण दीर्घकाळ अंथरुणावर पडून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियल मज्जातंतू दाबला गेल्यानेही असे होते. न्यूरॉलॉजिस्टकडून नर्व्ह कंडक्शन चाचणी (मज्जातंतूतून संदेश किती नीट जातो ते पाहणारी) करून घ्यावी, मधुमेह आणि बी-१२ तपासावे. पाऊल धरून ठेवणारी पट्टी मिळाल्यावर माझ्या आईचे अडखळून पडणे थांबले.

उत्तर (कळवा): पायांच्या आगीसाठी देतात त्या प्रेगाबॅलिन या औषधाने गुंगी येते, म्हणून रात्री उठताना आधार द्यावा. अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने पाहावे आणि तळवे रोज तपासावेत. माझ्या काकांना चटका कळलाच नव्हता.