वर्डमध्ये स्वतः ठरवलेले शॉर्टकट दुसऱ्या संगणकावर कसे न्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मोठे अहवाल तयार करताना माउसला शक्यतो हात लावावा लागू नये, असा माझा प्रयत्न असतो. कॉपी-पेस्टचे शॉर्टकट सर्वांनाच ठाऊक असतात. मात्र शिफ्ट आणि एफ५ दाबताच कर्सर याआधी बदल केलेल्या ठिकाणी परत जातो, ही सोय माझ्या मते सर्वांत उपयुक्त असूनही फारशी कोणी वापरत नाही.

तक्त्यात ओळ घालणे, मजकुरावर काट मारणे अशा आज्ञांना मी ‘कस्टमाइझ रिबन’मधून स्वतःचे शॉर्टकट दिले असून ते नॉर्मल टेम्प्लेटमध्ये (वर्डच्या मूळ साच्याच्या फाइलमध्ये) साठवले गेले आहेत. ही फाइल जशीच्या तशी दुसऱ्या संगणकावर टाकल्यास तिथल्या शैली आणि मॅक्रो (एकत्र नोंदवून ठेवलेल्या आज्ञा) हातचे जातील, म्हणून केवळ शॉर्टकट वेगळ्या टेम्प्लेटमध्ये साठवून ते वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये (यातील टेम्प्लेट वर्ड सुरू होताच आपोआप लागू होतात) ठेवणे योग्य ठरेल का?

शिवाय विंडोजमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट ही जोडी जादा अक्षरे उमटवणाऱ्या उजव्या ऑल्टसारखी धरली जात असल्यामुळे मराठी कळफलक सुरू असताना कधीकधी आज्ञेऐवजी अक्षरच उमटते. नियमितपणे मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी आपण कोणत्या जोड्या वापरता, हे कृपया सांगावे.