नागपूरचं घर सहा महिने बंद राहणार, विम्याचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा दिवाळीनंतर आमच्याकडे येताहेत, ते थेट उन्हाळा संपेपर्यंत. अंबाझरी लेआउटमधलं घर तोवर कुलूपबंद. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं. सोफा, फ्रिज, आईचं शिलाई मशीन, सगळं गेलं. तेव्हापासून बाबांच्या मनात विमा आहेच. एजंट म्हणतो, "भारत गृह रक्षा घ्या, सगळं येतं." बंद घरालाही लागू होतं का? आणि चोरीचं काय?

(टोरोंटोहून)

---

ताई, नमस्कार.

"सगळं येतं" यावर विसंबू नका. भारत गृह रक्षा ही ठरावीक मजकुराची पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, टाकी किंवा पाइप फुटणं हे तिच्यात आहे. म्हणजे २०२३ सारखं पाणी पुन्हा शिरलं तर दावा करता येतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. यादी द्यावी लागत नाही. वाळवी लागली, भिंतीला हळूहळू ओल धरली, तर मात्र काही मिळत नाही.

चोरीची गोष्ट वेगळी. पूर किंवा आगीसारखं काही घडलं आणि त्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरतात. एरवी कुलूप तोडून घर साफ केलं, तर या मूळ पॉलिसीत भरपाई नाही. घरफोडीचा विमा वेगळा मागून घ्या. आणि तिथेच बंद घराची अट नीट वाचा: सलग ३० दिवसांहून जास्त घर रिकामं राहणार असेल, तर कंपनीची आधी लेखी मंजुरी लागते, असं अनेक पॉलिसींत असतं. फोनवरचं "हो हो, चालेल" दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. मंजुरी पॉलिसीला जोडलेल्या कागदावर हवी.

इमारतीची विमा रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका. अंबाझरीत खरी किंमत जमिनीची, आणि जमीन काही जळत नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर, एवढंच.

दागिने घरात ठेवूच नका, लॉकरमध्ये ठेवा. बँकेतली चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाने केलेली अफरातफर यासाठी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे, हेही बाबांना सांगा.

माझ्या मते कागदांइतकाच महत्त्वाचा आहे चावी सांभाळणारा माणूस. बंद घरात चोरी कधी झाली हेच कळत नाही, आणि कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. शेजारच्या काकूंनी आठवड्यातून एकदा घर उघडून फोटो पाठवले, तर तारखा आपसूक जमतात. एफआयआर करायला, सर्व्हेअरला (नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला) दार उघडून द्यायलाही कुणीतरी लागतंच. बाबांनी निघण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या नावाने अधिकारपत्र करून ठेवावं.

आणि खिडकीतला कूलर काढून आत ठेवा. आपल्याकडे कूलरसाठी गज कापलेले असतात. बाहेरून कूलर ओढला की माणूस सहज आत जाईल एवढी जागा होते. तिथे ग्रिल बसवून घ्या. गच्चीवरच्या टाकीचा कॉकही बंद करा.

(सध्या धरमपेठ, नागपूर)

---

काका, खूप आभार. एजंटशी बोलले. तो म्हणतो, "घर बंद राहणार हे फॉर्मवर लिहू नका, उगाच हप्ता वाढेल. कोण बघायला येतंय?"

(टोरोंटोहून)

---

ताई, तो सल्ला ऐकू नका. दावा आला की सर्व्हेअर येतो. विजेचं बिल, पासपोर्टवरचे शिक्के, शेजाऱ्यांचं बोलणं, यातून घर रिकामं होतं हे लगेच कळतं. महत्त्वाची माहिती लपवली म्हणून दावा फेटाळला, की भरलेले हप्तेही गेले आणि सामानही गेलं. हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण हे लिहाच.

बाबांनी कंपनीच्या शाखेत जाऊन स्वतः फॉर्म भरावा, प्रत घ्यावी, शिक्क्याची पोच घ्यावी. मी दिवाळीपर्यंत नागपुरात आहे. त्यांना सवड असेल त्या दिवशी सोबत जातो, मला फक्त आदल्या संध्याकाळी फोन करायला सांगा.

(धरमपेठ)