विषय: त्रिमूर्तीनगरची गाडी आणि ३८,४०० रुपयांचं एस्टिमेट

प्रेषक: फ्रँकफर्टवाली

नमस्कार मंडळी,

बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे. २०१४ची, एमएच-३१ पासिंग, ४६ हजार किलोमीटर. महिन्याला जेमतेम दोनशे किलोमीटर, तेही नागपुरातच, फिरते: त्रिमूर्तीनगर ते बर्डी, धरमपेठ, कधी दवाखाना. उन्हाळ्याआधी चेकिंगला दिली तर वर्कशॉपने हे हातात ठेवलं:

बॅटरी ४,६००, एसी गॅस आणि डिसइन्फेक्शन ३,४००, कूलंट टॉप-अप ४५०, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी मिळून ४,२५०, दोन्ही लोअर आर्म (पुढची चाकं धरणारे खालचे दांडे) ५,८००, ब्रेक पॅड आणि डिस्क टर्निंग ३,७००, क्लच सेट मजुरीसकट १०,८००, अँटी-रस्ट कोटिंग ५,४००.

तक्रारी मात्र दोनच. सकाळी सेल्फ रडत रडत फिरतो, आणि एसी चालत्या गाडीत थंड पण सिग्नलला गरम हवा फेकतो. यातलं खरंच काय करायचं?

---

प्रेषक: हिंगणा रोडवाले काका

बेटा, या यादीत सगळ्यात स्वस्त ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच चुकीची लिहिली आहे. कूलंट टॉप-अप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव वरून थोडं भरणं, ४५० रुपये. त्याकडे येतोच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. नागपुरात गाडी किलोमीटरने थोडी झिजते, उन्हाने आणि उभं राहून जास्त. २०२४च्या मे महिन्यात ५६ डिग्रीचा जो आकडा फिरला तो सेन्सरच्या बिघाडाचा निघाला, पण २३ मे २०१३चे ४७.९ डिग्री खरे आहेत. बंद बॉनेटखाली त्याहून किती जास्त होत असेल ते बघा. रबर, बॅटरी, कूलंट, ब्रेक ऑइल यांचं वय वर्षांत मोजायचं. क्लच, पॅड, प्लग यांचं किलोमीटरमध्ये. वर्कशॉपने नेमकं उलटं केलं आहे: ४६ हजारांना क्लच बदला म्हणतात आणि बारा वर्षांच्या होज पाइपांचं नाव नाही.

आता कूलंट. टाकीचं झाकण गाडी पूर्ण थंड असताना उघडून आतला रंग बघायला सांगा. हिरवा किंवा गुलाबी स्वच्छ असेल तर ठीक. चहासारखा तांबूस असेल तर कुणीतरी कधीतरी बोअरचं पाणी ओतलं आहे. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आतून गंज धरतो, आणि टॉप-अप म्हणजे त्याच घाणीत चमचाभर साखर. पूर्ण काढायचं, डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवायचं, मग अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिक्स. लहान गाडीला साधारण चार ते पाच लिटर लागतं. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज दाबून बघायचा. टोकाशी, क्लिपजवळ, फुगलेला किंवा भाकरीसारखा भेगाळलेला असेल तर दोन्ही बदला. रेडिएटर कॅपही नवीन. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार दाबाचा. जुन्याचाच आकडा नवीनवर हवा. या दाबामुळेच कूलंट १२० डिग्रीच्या पुढे जाऊनही उकळत नाही. कॅपचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि बाकी सगळं नवीन असूनही गाडी गरम होते.

इंजिन फ्लश बिलकूल नको. बारा वर्षं छोट्या छोट्या फेऱ्या मारलेल्या इंजिनात काळा गाळ असतो. फ्लशने तो सुटतो आणि ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतो. त्यापेक्षा ऑइल आणि फिल्टर वर्षाला एकदा बदला, किलोमीटर कितीही कमी होवोत. ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तीच. "उन्हाळा आहे, २०डब्ल्यू-५०चं जाड ऑइल टाका" असं कुणी म्हटलं तर हात जोडा. इंजेक्टर क्लीनिंगला लक्षण लागतं: धक्के, मिसिंग, आयडलिंगला आरपीएम वरखाली. इथे तसलं काहीच नाही. अँटी-रस्ट कोटिंग कोकणात ठेवा. नागपूरला समुद्र कधी आला बापा?

क्लचची परीक्षा फुकट आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसला चौथा गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. आरपीएम उडाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतो. वेग हळूहळू पण सोबत वाढला तर प्लेट शाबूत. पेडल जड झालं असेल तर आधी केबल बघा, ती काही शे रुपयांत होते.

बॅटरीबद्दल मोजमापाशिवाय बोलणार नाही. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर आणा आणि आकडे पाठवा: रात्रभर उभी असताना सकाळी, सेल्फ मारताना किती खाली जातं, आणि चालू इंजिनवर. चौथं माप, उभ्या गाडीत जाणारा करंट, थोडं किचकट आहे. निगेटिव्ह टर्मिनलची वायर सोडून मीटर त्या दोघांच्या मध्ये जोडायचा, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. दरवाजे बंद, किल्ली दूर, अर्धा तास थांबायचं, मग वाचायचं. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल.

---

प्रेषक: डॅलसवाला

काका, थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? घरी उन्हाळ्यात सगळे मेकॅनिक तेच सांगतात. आणि समृद्धी महामार्गावर जायचं असेल तर टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा कमी ठेवायची ना, गरम झाल्यावर वाढते म्हणून?

---

प्रेषक: हिंगणा रोडवाले काका

दोन्ही चूक, आणि दुसरी चूक जीवावरची.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप. तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज पडतो, ऑइल पातळ होतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचं तोंडही बंद करतो. तो नसला तर गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात फिरतं आणि वर्धा रोडच्या जाममध्ये काटा उलट वर चढतो. अडकत असेल तर नवीन टाका. जुना तपासायचा तर गरम पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवा. उकळायच्या आधी उघडलाच पाहिजे.

टायर गरम झाला की दाब वाढणारच. दर पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय धरा. कंपनीने दारावर लिहिलेला आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो. हवा कमी ठेवली की टायरची बाजू जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, आतून तापते आणि फाटते. समृद्धीच्या काँक्रीटवर ताशी १२०ने तास-दीड तास न थांबता चालवताना हेच घडतं. तेव्हा हवा सकाळी, थंड टायरमध्ये, दारावरच्या आकड्याइतकी. चार माणसं आणि सामान असेल तर पूर्ण लोडचा आकडा.

आणि बाजूचे शेवटचे चार अंक वाचा. २२१८ म्हणजे २०१८चा बाविसावा आठवडा. बाबांच्या गाडीचे टायर मूळचेच असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, शहराबाहेर त्यावर न्यायची नाही.

---

प्रेषक: खामल्याची ताई

थोडं विषयांतर. बाबा "एवढा खर्च करण्यापेक्षा हीच विकून सेकंडहँड घेऊ" असं म्हणायच्या आत लिहून टाकते.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी आली आणि अंबाझरी लेआउट, धरमपेठ, बर्डी भागात गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या किती धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या ते कुणी सांगणार नाही. त्यामुळे २०२३ आधीची कुठलीही गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतल्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. स्टेपनीच्या खड्ड्यातला कोपरा, सीटच्या रुळांवरचे बोल्ट, डॅशखाली हात घालून वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट पूड. गालिचा नवा आणि बाकी गाडी जुनी, हा मला सगळ्यात वाईट इशारा वाटतो. नोंदणी क्रमांकावरून विम्याचा क्लेम इतिहासही मागा.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा "तुम्हीच सेल्फ मारलात" म्हणून नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

---

प्रेषक: फ्रँकफर्टवाली

काका, चुलत भावाने सगळं मोजलं.

सकाळी १२.३१ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.२. चालू इंजिनवर १४.१. उभ्या गाडीत करंट १८० मिलिअँपिअर. क्लच घसरत नाही. पॅड ५ मिलिमीटर उरले. लोअर आर्मचा डावा मागचा बुश (रबरी जोड) फाटला आहे, उजवे ठीक. कूलंट तांबूस. एसी चालू असताना रेडिएटरचा पंखा फिरतो, पण भाऊ म्हणतो, "दमल्यासारखा" फिरतो.

---

प्रेषक: हिंगणा रोडवाले काका

शाब्बास त्याला. आता बघा.

१४.१ म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर उत्तम. १०.२ म्हणजे बॅटरीत अजून जीव आहे. मेलेली असती तर ९ व्होल्टच्या खाली कोसळली असती. १२.३१ म्हणजे साठेक टक्केच भरलेली. आणि १८० मिलिअँपिअर हा चोर. उभ्या गाडीत ५०च्या आत हवं. दिवसाला सव्वाचार अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी. बाबा गाडी चार दिवसांनी काढतात, पाच किलोमीटर एसी लावून बर्डीला जातात, तेवढ्यात ती भरणार कशी? नवीन बॅटरी टाकली असती तरी पुढच्या मेपर्यंत तिचंही हेच झालं असतं.

चोर असा शोधायचा. मीटर मिलिव्होल्टवर, फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन धातूच्या ठिपक्यांवर टोकं टेकवायची. शून्य म्हणजे त्या लाइनमध्ये करंट नाही. आकडा दिसला की तीच लाइन. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, यातलंच काहीतरी निघतं; त्याची वायर कायम चालू लाइनवरून काढून किल्लीच्या लाइनवर घ्यायची. मग बॅटरी उतरवून तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावा. चार्जर काढून बारा तासांनी १२.५च्या वर राहिली तर हा उन्हाळा निघेल. १२.२वर घसरली तर एखादा सेल गेला, तेव्हा नवीन घ्या.

एसीला गॅस घालू देऊ नका, निदान आत्ता नाही. गॅस कमी असता तर गाडी चालताना पण थंडी कमी असती. चालताना थंड आणि सिग्नलला गरम म्हणजे कंडेन्सरवर, एसीच्या पुढच्या जाळीवर, हवा पोचत नाही. आधी बंपरच्या जाळीतून साध्या नळाने धूळ आणि किडे धुवा. प्रेशर वॉशरची बंदूक नको, पाती वाकतात. मग पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट द्या. तरी दमून फिरली तर मोटर बदला. जोरात फिरली तर रिले किंवा कनेक्टर तपासा, बरेचदा कनेक्टरची पिन जळालेली असते. हे झाल्यावर एसीच्या गॅसचा दाब मोजणारं गेज लावा. ४५ डिग्रीत जास्त दाबाची बाजू अडीचशे ते तीनशे पीएसआय चालेल, त्याच्या बरंच वर गेली तर कॉम्प्रेसर कट मारतो. एवढं करून गॅस खरंच कमी निघाला तर आधी लीक शोधायचं, मग अर्धा तास व्हॅक्युम, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅममध्ये, काट्यावर तोलून. "हात लावून बघितलं, थंड आहे" हे माप नव्हे.

पॅड ५ मिलिमीटर आहेत, ३ला बदलायचे. डिस्क टर्निंग नको, पाती आणखी बारीक होते. पेडल थरथरत असेल तरच बघू. त्याऐवजी ब्रेक ऑइल बदला. डॉट-४, लिटरभर पुरतं. ते हवेतलं पाणी ओढतं; नवीन किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १५५वर येते. दोन वर्षांनी बदलायचं असतं, इथे तर मला शंका आहे की बारा वर्षांत हातच लागलेला नाही.

बुश फक्त डावीकडचा, प्रेसवर दाबून बसवायचा. पूर्ण आर्म नको, जोडी तर नकोच. सिमेंट रोड आणि कडेच्या गट्टूंमध्ये जी पायरी आहे ना, ती उतरताना डावं चाकच मार खातं, म्हणून डावाच फाटतो. नंतर अलाइनमेंट करा.

पेट्रोलच्या पाइपांवर एक नजर टाका. २०१४ची गाडी ई-२०साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, बनलेली नाही. टाकीपासून येणाऱ्या रबरी तुकड्यांना नखाने दाबा. चिकट लागले किंवा बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर ते आधी बदला, बाकी सगळं नंतर. ॲव्हरेज थोडा कमी लागेल, त्याला इलाज नाही.

बिलात पार्टवर २८ टक्के जीएसटी दिसला तर परत करा, २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के आहे. जुना बुश, कॅप आणि होज डिकीत टाकून परत मागा.

कूलंट भरल्यावर हवा काढायची राहिली तर सगळं पाण्यात. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करायचं, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबायचं, बुडबुडे थांबले की झाकण. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, बाबांनी बाजूच्या डब्यातली पातळी बघून मला कळवायची. कमी झाली असेल तर थोडी हवा अजून आत होती. तिसऱ्या सकाळीही कमी झाली तर फोन करा, मी येऊन वॉटर पंपाखाली ठिपके बघतो.