मदत हवी आहे: पियानो शिकवताना ‘टच’ (पट्टी किती जोरात दाबली ते) स्क्रीनवर कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

सांगलीत घरीच पियानोचे क्लास घेते. माझ्याकडे ८८ पट्ट्यांचा वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) डिजिटल पियानो आहे, मुलांकडे घरी बहुतेक ६१ पट्ट्यांचे कीबोर्ड. (शेजारी मिरजेत तंबोरे घडतात, पण खरा पियानो घेतला तर ट्यूनर पुण्या-मुंबईहून बोलवावा लागेल. तो विषय बंद.) काही जण लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या सुरुवातीच्या ग्रेड परीक्षा देतात.

अडचण मुलं घरी वापरतात त्या पियानो शिकवणाऱ्या ॲपची आहे. वरून रंगीत ठोकळे पडतात, ठोकळा खाली टेकला की पट्टी दाबायची. मुलं त्यावर झटपट शिकतात, नाही म्हणत नाही. पण त्यांच्याकडचं ॲप दोनच गोष्टी बघतं: सूर बरोबर का, आणि वेळेवर का. किती जोरात वाजवला हे त्याच्या खिजगणतीतही नाही. मग घरी शंभर टक्के मिळवून आलेलं पोर माझ्यासमोर वाजवतं ते टाइपरायटर बडवल्यासारखं.

त्यात निम्मी मुलं पेटीवरून आलेली. कान तयार, ऐकलेली चाल लगेच काढतात. पण पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यावर. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच. शिवाय डावा हात आजवर भाता मारण्यात गुंतलेला, त्याला बोटं आहेत हेच नव्याने कळतंय.

एक उदाहरण देते. डाव्या हातात सा-प-ग-प अशी साथ असते, अल्बर्टी बास म्हणतात ती. यात प दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अंगठ्यावर. अंगठा मुळातच जड. त्यामुळे चारांतले दोन सूर धाडधाड येतात आणि उजव्या हाताची चाल त्याखाली दबून जाते. ‘अंगठा हलका ठेव’ सांगून घसा बसला. वाजवणाऱ्याला ते ऐकूच येत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष पुढचा सूर शोधण्यात.

डोळ्यांना दिसलं तर कदाचित पटेल. मिडीमध्ये (कीबोर्ड वाजवल्याची माहिती कॉम्प्युटरला पाठवायची पद्धत) प्रत्येक सुरासोबत पट्टी किती वेगाने खाली गेली त्याचा आकडा जातो, जास्तीत जास्त १२७, एवढं माहीत आहे. तो आकडा मुलांना सहज कळेल असा दाखवायला काय वापरता? लॅपटॉप जुना विंडोजचा आहे. पियानो जोडून पाहिला तर लॅपटॉपमधून आवाज जरा उशिरा येतो, वाजवणारा गोंधळतो. दुसरं म्हणजे, चिपळूणला गेलेल्या दोघी बहिणी झूमवर शिकतात, त्यांचे लांब धरलेले सूर मध्येच गिळले जातात. यावर काही आहे का?

‘नवीन पियानो घ्यायला सांगा’ हा सल्ला कृपया नको. पालक पेटीच्या भावात कीबोर्ड शोधतात.

प्रतिसाद १

ताई, आधी मुलांचे कीबोर्ड तपासा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना टच रिस्पॉन्सच नसतो, कसंही वाजवा, एकच आकडा जातो. काहींमध्ये असतो पण सेटिंगमध्ये बंद. मागे चौकोनी यूएसबी असेल तर लॅपटॉपला जोडायला प्रिंटरची केबल चालते.

रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर बघा. ६० दिवस फुकट वापरता येतं, जुन्या मशीनवरही हलकं चालतं. मिडी रेकॉर्ड करून एडिटर उघडला की खाली प्रत्येक सुराची उभी काडी दिसते. जोरात वाजवला तर उंच, हळू तर बुटकी. मी अगदी हेच अल्बर्टी बासवर केलं. करंगळीच्या काड्या पन्नाशीत, अंगठ्याच्या नव्वदीत. पोरगी स्वतःच म्हणाली, ‘सर, हे तर कंगव्यासारखं दिसतंय!’ मग खेळ लावला: डाव्या हाताची एकही काडी ६० च्या वर जाता कामा नये. फक्त आकड्यांची तुलना एकाच वाद्यावर करा, दुसऱ्या कीबोर्डवर तोच हात वेगळा आकडा देतो.

उशिराचं म्हणाल तर लॅपटॉपचा आवाज बंदच करा. ऐकायचा पियानोचा स्वतःचा, लॅपटॉपने नुसती नोंद घ्यायची. लॅपटॉपमधूनच आवाज हवा असेल तर एसिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाकून त्याच्या सेटिंगमधला बफर १२८ वर आणा. ब्लूटूथ हेडफोन मात्र अजिबात नको.

प्रतिसाद २

झूम लांब सुराला पंख्याची घरघर समजून दाबतं. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ आहे, ते मुलींच्या बाजूला चालू करा, तुमच्याकडे करून त्यांचा आवाज सुधारणार नाही. इको कॅन्सलेशनही बंद करता येतं, पण मग त्यांना वायरचे हेडफोन लागतील. एकत्र वाजवायचा नाद सोडा, तेवढा उशीर राहणारच. त्याऐवजी म्यूझस्कोरमध्ये (नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) तुकडा लिहून पाठवा. डावा-उजवा हात दोन वेगळी वाद्यं म्हणून लिहिलात तर एक हात म्यूट करून, वाजणाऱ्या दुसऱ्या हातासोबत त्याचा रियाज होतो. नोटेशन समोर असल्याने वाचनही सुधारतं.

प्रतिसाद ३

माझं थोडं वेगळं मत. काड्या दाखवा, पण पाच मिनिटं. नाहीतर ठोकळे गेले आणि काड्या आल्या, पोर बघतंय स्क्रीनकडेच. मी मोबाइलवर साधं रेकॉर्डिंग करून लगेच ऐकवतो आणि विचारतो, ‘चाल कुठे हरवली?’ वाजवत नसताना त्यांना नेमकं ऐकू येतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आज एकाचा कीबोर्ड जोडला, हळू-जोरात कसंही वाजवलं तरी १००! टच सेटिंगही सापडत नाही. त्याला घरी काय रियाज द्यावा? आठवड्यातून एकदाच माझ्या पियानोवर हात बसतो त्याचा.