मदत हवी: खांबांच्या कार्टूनचा अर्थ काय? उद्या सबमिशन आहे

वैतागलेली_सदाशिवपेठी: एका कार्टूनवर अडकलेय. रांगेत खांब आहेत, एक वाकडा, एक मोडलेला. यातून केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांबद्दल काय दिसतं असं विचारलंय. मी लिहिलंय की केंद्राने राज्य मोडलं. बरोबर ना? पटकन सांगा, लेक्चर नको.

निवांत_नाना: कुठल्या देशाचं? कुठल्या साली? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत का? फोटो टाक.

वैतागलेली_सदाशिवपेठी: प्रश्नात फेडरल, म्हणजे संघराज्य, असं लिहिलंय, म्हणजे अमेरिकाच ना काका! फोटो अपलोड होत नाहीये. खांबांवर राज्यांची नावं आहेत.

घटनाप्रेमी_एरंडवणे: अमेरिका कशाला, आपल्याकडचं घे. कलम ३५६ म्हणजे राज्यातली राष्ट्रपती राजवट, त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा बोम्मई निकाल १९९४, झालंच तर अबू अब्राहम यांचं १९७५ चं बाथटबमधून वटहुकमावर सही करणाऱ्या राष्ट्रपतींचं कार्टून. फुल मार्क!

निवांत_नाना: अहो त्या टबात राज्यं कुठे होती? ते आणीबाणीबद्दल होतं. काहीही ठोकून देता.

जुनी_रद्दी: मोडक्या खांबावर ऱ्होड आयलंड आणि वाकड्यावर नॉर्थ कॅरोलिना आहे का? असेल तर ते मॅसॅच्युसेट्स सेंटिनल या अमेरिकन पेपरमधलं, २ ऑगस्ट १७८८ चं. तेव्हा अकरा राज्यांनी अमेरिकेच्या नव्या घटनेला मंजुरी दिली होती, लागू व्हायला नऊ पुरेशी होती, हे दोघे बाकी होते. म्हणजे कोणी कोणाला मोडलं नाहीये. आणि पेपर घटनेच्या बाजूचा होता, त्यामुळे बाहेर राहिलेला मोडका दाखवणारच की. मोडक्याजवळचं वाक्य वाच, पाया चांगला आहे, अजून वाचेल अशा अर्थाचं आहे. नॉर्थ कॅरोलिना १७८९ ला आली, ऱ्होड आयलंड १७९० ला.

वैतागलेली_सदाशिवपेठी: हो हो तीच नावं!! पण मग अधिकाराचं काय लिहू?

जुनी_रद्दी: खांब राज्यांचे आहेत, म्हणजे केंद्र त्यांच्या संमतीवर उभं. एवढं लिही.

निवांत_नाना: अर्धवट. नऊ आले की बाकीच्यांसाठी कोणी थांबणार नव्हतं, हा दबाव नाही का? दोन्ही लिही.

जुनी_रद्दी: दबाव वेगळा, अधिकार वेगळा. बाहेर राहायची मुभा होतीच ना.

घटनाप्रेमी_एरंडवणे: माझं अजूनही म्हणणं आहे की जीएसटीवर लिही.

कर्वेरोड_कट्टा: अप्पा बळवंत चौकात स्पायरल बाइंडिंग रात्री किती वाजेपर्यंत मिळतं कोणाला माहितीये का?

वैतागलेली_सदाशिवपेठी: मॅडमना हाताने लिहिलेलं हवंय, बाइंडिंग नको. नाना, दोन्ही लिहिते, पण जागा दहाच ओळींची आहे.