पांढऱ्या टाइल्स: निवडताना काय पाहावे आणि पांढऱ्या कशा राखाव्यात?

प्रश्न
नमस्कार. घराचे नूतनीकरण काढले असून दिवाणखान्याची फरशी, स्वयंपाकघरात ओट्यामागची भिंत आणि न्हाणीघर या तिन्ही ठिकाणी पांढऱ्या टाइल्स बसवाव्यात असे माझ्या मनात आहे. खोल्यांत उजेड बेताचाच येतो, म्हणून पांढऱ्याचा आग्रह. पांढरी फरशी चार दिवसांत मळते, असे घरातील इतरांचे म्हणणे आहे आणि ते मला अगदीच खोडून काढता येत नाही, कारण जुन्या न्हाणीघरात नळाखाली पिवळट पट्टा उमटला होता. तो घालवण्यासाठी मी वर्षभर अ‍ॅसिड वापरले. पट्टा फिका झाला, पण तिथल्या सांध्यांतले सिमेंट इतके भुसभुशीत झाले आहे की नखाने उकरले तरी निघते. निवड करताना काय तपासावे आणि नंतर काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १
मी बरीच वर्षे टाइल्स बसवून घेण्याच्या कामावर देखरेख करत आलो आहे. तुमच्या न्हाणीघरात टाइल बिघडलेली नसून सांधे बिघडले आहेत, आणि पांढऱ्या टाइल्सच्या बहुतेक तक्रारी तपासल्या तर त्या सांध्यांपाशीच येऊन थांबतात. त्यामुळे टाइलइतकाच विचार सांध्याचा करावा.

आधी टाइलविषयी. जमिनीसाठी व्हिट्रिफाइड, म्हणजे उच्च तापमानाला भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल घ्यावी. ती स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून अधिक पाणी शोषत नाही. भिंतीसाठीच्या साध्या सिरॅमिक टाइलचे शोषण १० टक्क्यांच्या वर असते. भिंतीवर त्याने काही बिघडत नाही, कारण वरचा चकाकणारा थर पाणी आत जाऊ देत नाही, पण तीच टाइल जमिनीवर घातली तर तिचा निभाव लागत नाही. आणखी एक बारकावा असा की, वरून काचेचा थर न देता नुसती घासून चकाकी आणलेली पांढरी व्हिट्रिफाइड टाइल घासताना तिची अतिसूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि ती नीट बुजवलेली नसतील तर डाग आत मुरतो. म्हणून दुकानातून एक नमुना घरी आणून त्यावर शाईचा ठिपका द्यावा, तासाभराने ओल्या कापडाने पुसावा आणि मागे निळसर सावली उरली तर ती टाइल घेऊच नये.

पांढऱ्यालाही छटा असतात. एखादी टाइल निळसर झाक मारते, एखादी सायीसारखी पिवळसर दिसते, आणि दुकानातील प्रखर दिव्यांखाली हा फरक कळत नाही. नमुना जमिनीसाठी असेल तर आडवा ठेवून, भिंतीसाठी असेल तर उभा टेकवून, दिवसाच्या आणि रात्रीच्या उजेडात पाहावा. खोक्यांवरचा बॅच क्रमांक आणि छटेचा क्रमांक सर्वत्र एकच आहे ना, हे माल उतरवतानाच तपासावे. पुढे तीच छटा मिळेल याची खात्री नसते, म्हणून साधारण १० टक्के टाइल्स जादा घ्याव्यात. न्हाणीघराच्या जमिनीला गुळगुळीत टाइल कटाक्षाने टाळावी आणि आर१० किंवा आर११ दर्जाची (पाय न घसरण्याच्या क्षमतेचे हे दर्जे आहेत) खरखरीत पृष्ठभागाची घ्यावी. ती थोडी अधिक घासावी लागेल, पण पाय घसरण्यापेक्षा ते बरे.

आता सांधे. दिवाणखान्यात शुभ्र ग्राउट, म्हणजे टाइल्समधील सांध्यांत भरायचे मिश्रण, भरण्याचा मोह आवरावा आणि फिकट राखाडी निवडावे, कारण येण्याजाण्याच्या वाटेवरचे शुभ्र सांधे काही महिन्यांतच तसे होतात, तेही ठिकठिकाणी वेगवेगळे. न्हाणीघरात व ओट्यामागे सिमेंटऐवजी राळेचे, म्हणजे इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते पाणी शोषत नाही आणि सौम्य आम्लाने झिजत नाही. मात्र भरल्यावर टाइलवर राहिलेला त्याचा पातळ थर वेळेत पुसला गेला पाहिजे, एकदा घट्ट झाला की तो निघता निघत नाही. थेट ऊन येणाऱ्या जागी पांढरे इपॉक्सी पिवळे पडू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

उत्तर २
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या घरी अकरा वर्षांपासून पांढरी फरशी आहे, म्हणून फक्त निगेविषयी लिहिते. ताई, नळाखालचा पट्टा बहुधा पाण्यातील क्षारांचा होता. पाणी सुकते, क्षार मागे राहतात, आणि साबण त्या क्षारांशी मिळून चिकट साका तयार करतो. आंघोळीनंतर वायपर फिरवून भिंत कोरडी केली तर हा थर बसतच नाही. आमच्याकडे शेवटी आंघोळ करणाऱ्याने हे काम करायचे असे ठरले आहे.

फरशी मळकट दिसण्याचे कारण पुष्कळदा स्वच्छतेचाच अतिरेक असतो. बादलीत साबणद्रव जास्त पडले की त्याचा पातळ लेप फरशीवर राहतो आणि त्याला धूळ चिकटते. थोडेच घालावे, नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसावे आणि पाणी गढूळले की लगेच बदलावे. त्याआधी केर मात्र नीट काढावा, कारण वाळूचा कण बुटाखाली आला तर चकाकीवर ओरखडा उठतो.

एकदा पत्र्याची बादली सरकवल्यावर फरशीवर करड्या रेघा उमटल्या आणि मला वाटले, टाइल कायमची गेली. प्रत्यक्षात तो ओरखडा नव्हता, टाइलपेक्षा मऊ असलेला धातूच तिच्यावर घासून उतरला होता, आणि भांडी घासण्याच्या मऊ पावडरीने तो निघाला. रबरी तळाच्या पायपुसण्याचा पिवळा डाग मात्र आजही तसाच आहे.

प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. जुने न्हाणीघर पूर्ण फोडावे लागेल का?

उत्तर १
आधी प्रत्येक टाइलवर नाण्याने हलकेच ठोकून पाहा. ठिकठिकाणी पोकळ आवाज आला तर फोडणेच योग्य, कारण मागे पाणी मुरलेले असण्याची शक्यता असते. आवाज भरीव असेल, तर टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत जुने सिमेंट खरवडून काढावे, सांधे पूर्ण वाळू द्यावेत आणि नवे इपॉक्सी भरावे. अ‍ॅसिड बंद करा. त्याच्या वाफेने नळांची चकाकीही जाते. राहिलेल्या क्षारांवर पाणी मिसळलेले व्हिनेगर काही मिनिटे ठेवून भरपूर पाण्याने धुवा, शेजारी संगमरवर असेल तर तेही नको. अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र होऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि न्हाणीघरासारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.